लॉला नवीन आहात? आधी ‘बार’ समजून घ्या

मी मराठी मीडियमचा, बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉला गेलो तेव्हा इंग्रजीची बोंबच होती आणि सगळ्यात जास्त छळलं ते ‘बार’ या शब्दानं. आपल्याला बार माहीत तो तंबाखूचा, नाहीतर लग्नाचा उडवायचा, आणि परमिट रूमच्या बोर्डावरचा. इथे मात्र बार कौन्सिल, बाररूम, बॅरिस्टर आणि वर ‘सूट (म्हणजे दावा) इज बार्ड बाय लिमिटेशन’!

इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी हायकोर्टाचं एक जजमेंट दिलं, म्हणाले दावा का फेटाळला ते सांग. त्यात तेच ‘बार्ड’वालं वाक्य होतं, मी बिनधास्त सांगितलं, बारने विरोध केला म्हणून. सर हसले नाहीत. जेवणाची सुट्टी होती, रिकाम्या कोर्ट हॉलमध्ये नेलं आणि डायससमोरचा (जज बसतात त्या चौथऱ्यासमोरचा) लाकडी कठडा टकटक वाजवून म्हणाले, हा बार.

झालं, डोक्यात लख्ख बसलं. जुन्या फ्रेंचमध्ये ‘बार’ म्हणजे दार बंद करायचा आडवा दांडा, म्हणजे आपला वाड्याच्या दाराचा अडसर! आणि गंमत बघा, अडसर पण दारावरून सुटून आता कुठल्याही अडथळ्याला म्हणतात, दोन्ही शब्दांचा प्रवास सेम. कोर्टातला कठडा बार, म्हणून तिथे उभे राहणारे वकील पण बार. लंडनच्या इन्समध्ये, म्हणजे तिथल्या वकिलांच्या जुन्या संस्थांमध्ये, त्या कठड्याशी बोलावलं की माणूस बॅरिस्टर, गांधीजींना 1891 मध्ये त्यातल्याच इनर टेंपलनं असंच बोलावलं. दारूचा बार म्हणजे मधला काउंटर, तोही कठडाच की. फक्त हवेच्या दाबाचा बार यात घुसडू नका, तो ग्रीक ‘बारोस’ म्हणजे वजन यावरून आलाय.

डिग्रीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळते, पण ऑल इंडिया बार एक्झाम पण द्यावी लागते, 2011 पासून सुरू झालीय, मराठीतून देता येते, उगाच इंग्रजीचा हट्ट धरू नका.

आणि ते ‘बार्ड बाय लिमिटेशन’ म्हणजे आपलं मुदतबाह्य. हातउसने दिलेले पैसे वसूल करायला साधारण 3 वर्षांत दावा टाकायचा, नंतर कायद्यानंच अडसर घातलेला असतो, मग पैसे खरंच दिले होते का हा प्रश्न कोर्ट बघतच नाही. त्या दिवसापासून कुठलाही कागद हातात आला की मी आधी तारखा बघतो, मजकूर नंतर.