डिसॅबिलिटी पेन्शनचं अपील: या चुका टाळा

निवृत्त फौजी फाइल घेऊन आला की मी चहाआधी नकाराचं पत्र मागतो. तो पुढे करतो स्वतःचं अपील. पाच पानं: मेडल, पोस्टिंग, मुलीचं लग्न, पडकं घर. नकाराचं कारण मात्र पत्रात एका ओळीत असतं, आणि त्या ओळीला पाच पानांत कुठेच उत्तर नसतं.

ती ओळ बहुतेकदा ‘एनएएनए’ची. म्हणजे अपंगत्व सेवेमुळे आलेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. साताऱ्याकडच्या, नायक हुद्द्यावरच्या एका जवानाचा गुडघा युनिटच्या कबड्डीत गेला. मेडिकल बोर्डानं 20 टक्के अपंगत्व दिलं, पण वर हा शिक्का. गड्यानं पहिल्या अपिलात सियाचीनची थंडी रंगवली, गुडघ्याचं नाव नाही. अपील फेटाळलं. मग मी त्याला ट्रंक उपसायला लावली. लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली इंजुरी रिपोर्टची पिवळी पडलेली झेरॉक्स निघाली, त्यावर सीओचा, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरचा, शेरा: ‘ऑन ड्यूटी’. युनिटनं भरवलेला सामना नियमांत ड्यूटीच धरला जातो. दुसरं अपील दीड पानाचं केलं, सोबत ती झेरॉक्स. मंजूर झालं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तयार मसुदा चिकटवू नका. एकाच्या अपिलात आर्मी नंबर दुसऱ्याचाच राहिला होता. या मसुद्यांत धरमवीर सिंग खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा 2013 चा निकाल हमखास असतो: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतला मानायचा. निकाल भक्कम आहे, पण 21 सप्टेंबर 2023 नंतर बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागतात. तिथे तो डोळे झाकून लावायचा नसतो.

मुदत: पहिलं अपील नकारापासून सहा महिन्यांत, ते फेटाळलं तर दुसरं पुन्हा सहा महिन्यांत. ‘थेट ट्रिब्युनललाच (सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे) जातो’ म्हणणाऱ्या घायकुत्यांना तिथे पहिला प्रश्न हाच पडतो, की आधी अपील केलं का? उशिरा गेलात तर थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते.

अपंगत्वाची टक्केवारी पेन्शनला लागणाऱ्या 20 च्या खाली असेल तर आधी त्या आकड्याशी भांडा, बाकीचं नंतर.

20 टक्के मान्य झाले म्हणून थांबू नका. राम अवतार खटल्याच्या 2014 च्या निकालानंतर राउंडिंग ऑफ, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेणं, मागता येतं; 20 चे 50 होतात.

स्पीड पोस्टची पावती मी अपिलाच्या प्रतीला मागून टाचतो. पाकिटात ठेवली की ती हरवतेच.