ड्युअल पेनड्राइव्ह वापरताय? या चुका टाळा

एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्या टोकाला नेहमीचा रुंद यूएसबी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फोटोवाल्यांच्या खिशात हल्ली हाच ड्युअल पेनड्राइव्ह दिसतो. वस्तू चांगली आहे, पण लग्नसराई आली की तीच ती बिघडलेली कामं माझ्या टेबलावर येतात, म्हणून लिहितोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शंभर टक्के दिसलं की ड्राइव्ह ओढून काढणं. फोनवर कॉपीची पट्टी भरली तरी शेवटचा डेटा फोनच्याच मेमरीत थांबलेला असू शकतो. म्हणून ओढण्याआधी इजेक्ट करायचं, म्हणजे ड्राइव्ह काढतोय असं फोनला सांगायचं. ‘इजेक्ट कशाला, विंडोजला आता लागत नाही की’ असं पोरं ऐकवतात. 2018 च्या विंडोज 10 अपडेटपासून तिथली मूळ सेटिंग तशी आहे, हे खरं. पण फोन म्हणजे विंडोज नव्हे!

खानापूरकडच्या एका पोरानं हळदीपासून वरातीपर्यंतचं सगळं शूटिंग फोनवरून ड्राइव्हवर घेतलं, बस सुटेल म्हणून ड्राइव्ह उपटला आणि वाटेतच मेमरी कार्ड फॉरमॅट केलं. माझ्याकडे आला तेव्हा ड्राइव्हवर फाइलींची नावं होती, आत काही नाही. नशीब, कार्डावर त्यानं नवीन काही शूट केलं नव्हतं. फोटोरेक हे फुकटचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवून बऱ्याच क्लिप परत मिळाल्या, नावं मात्र गेली. अक्षता पडतानाची मोठी क्लिप काही केल्या उघडली नाही. नवरीच्या आईला ते सांगताना त्या पोराचा चेहरा बघवत नव्हता.

मी फोनच्या स्टोरेजमध्ये जाऊन इजेक्ट करतो, ड्राइव्ह परत लावतो, आणि सगळ्यात मोठी फाइल शेवटपर्यंत सरकवून बघतो. मूळ कार्ड अल्बम घरी पोचेपर्यंत पुसत नाही. एवढा वेळ नसेल त्यानं लग्नाची ऑर्डर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक, पाचशे रुपयांत दोन टीबी. अशा ड्राइव्हच्या आत चिप असते छोटीच, फक्त कंट्रोलरला, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या आतल्या भागाला, खोटं आकारमान सांगायला लावलेलं असतं. जागा संपली की नवीन डेटा जुन्यावर बसतो किंवा हवेत जातो, आणि कॉपी झाल्याचा मेसेज मात्र येतो. नवीन ड्राइव्ह घेतला की मी आधी एचटूटेस्टडब्ल्यू या तपासणीच्या सॉफ्टवेअरनं पूर्ण भरून परत वाचून बघतो. मोठ्या ड्राइव्हला तासन्‌तास लागतात. लागू देत. 64 जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये साधारण 59 दाखवतो, ती मात्र फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी.

‘फाइल मोठी आहे’ म्हणून कॉपी अडली तर ड्राइव्ह फॅट32 या फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीत असणार. त्यात एक फाइल 4 जीबीच्या आतच हवी. डेटा बाजूला काढून एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा.

ड्राइव्ह दिसतच नाही? काही फोनांत ओटीजी, म्हणजे फोनला पेनड्राइव्ह जोडायची सोय, सेटिंगमधून चालू करावं लागतं, आणि वापर नसला की ते आपोआप बंद होतं. जाड कव्हर काढून बघा, टाइप-सी पूर्ण आत जात नसेल.

दोन्ही टोकं एकाच वेळी फोनला आणि कॉम्प्युटरला लावू नका.

फोनला ड्राइव्ह लटकवून खिशात घालायचा आणि गाडीला किक मारायची, हेही बंद करा. वाकतं ते बारीक टोक, आणि कधी कधी फोनचं सॉकेटही ढिलं होतं.