जुनी पेटी, तबला, गिटार ऑनलाइन विकताय? पैसे खात्यात दिसेपर्यंत काय करायचं ते वाचा

दहावी आली की पेटी माळ्यावर जाते आणि कॉलेज सुरू झालं की मुलाच्या आईचा फोन येतो, "ताई, ती पेटी नुसती पडून आहे हो, विकून द्याल का?" माझ्याकडे पेटी शिकायला येणाऱ्या मुलांची वाद्यं अशी वर्षानुवर्षं मीच ओएलएक्सवर, फेसबुक मार्केटप्लेसवर टाकत आलेय. पेट्या, तबले, कीबोर्ड, गिटार, मिरजेचा एक तानपुरासुद्धा. आणि या विषयावर लोक जे सल्ले देतात ना, टोकन म्हणजे थोडे आगाऊ पैसे घ्या, आधार कार्डाचा फोटो मागवा, पोलिस चौकीसमोर भेटा, त्यातले निम्मे कामाचे नाहीत आणि काही तर सरळ खड्ड्यात घालणारे आहेत, म्हणून एकदा सगळं नीट लिहिते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. फ्रिज किंवा कपाट लोक फोटो बघून घेतात, वाद्य घेणारा माणूस वाजवून बघितल्याशिवाय घेत नाही. स्वतःला वाजवता येत नसेल तर गुरुजींना घेऊन येतो, भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना घेऊन येतो, पण कोणीतरी वाजवतंच. म्हणजे न बघता, न वाजवता "मला घ्यायचंय, पैसे आत्ता टाकतो" असं जो म्हणतो त्याला वाद्य नकोच आहे. ही एक चाळणी लावली की निम्मे चोर फोनवरच गळतात.

जाहिरात टाकणं सोपं आहे. उजेडात फोटो, किंमत दुरुस्ती करणाऱ्याला विचारून, आणि दोष असतील ते लिहून टाकायचे. मी पेटीचा छोटा व्हिडिओ टाकतेच, एकेक पट्टी दाबून सगळे सूर वाजवलेला, आणि दुसरा भात्याचा, म्हणजे सगळे स्टॉपर, म्हणजे पुढच्या हवेच्या खुंट्या, बंद करून भाता भरायचा आणि सोडून द्यायचा, तो हळूहळू बसला तर गळती नाही हे जाणकाराला लगेच कळतं. तबल्याचा असेल तर शाईचा, म्हणजे मधल्या काळ्या गोलाचा, जवळून फोटो, पुडी म्हणजे वरचं कातडं कुठे फाटलंय का ते दिसेल असा. फोटोत वाद्याशेजारी एका कागदावर आपला भाग आणि महिना लिहून ठेवा, कारण लोक आपलेच फोटो उचलून दुसऱ्या शहरात जाहिरात करतात आणि तिसऱ्याकडून ॲडव्हान्स उकळतात. सोसायटीची पाटी, गाडीचा नंबर फोटोत नको. आषाढीच्या आधी भजनी मंडळं पेटी-पखवाज शोधत असतात आणि जूनमध्ये नवीन क्लास सुरू होतात, तेव्हा टाकलं तर लवकर जातं.

मग फोन यायला लागतात. खरं गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐका. "ताई, सूर कुठले आहेत, पालिताणा की जर्मन?" "खर्ज-नर आहे का?" "कपलर चालतो का?" "भाता किती घडीचा?" सूर म्हणजे पेटीच्या आत वाजणाऱ्या धातूच्या जिभल्या, पालिताणा आणि जर्मन हे त्यांचे प्रकार, खर्ज-नर म्हणजे त्यांच्या जाड आणि मध्यम आवाजाच्या रांगा, आणि कपलर म्हणजे एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी सोय. नवशिक्या मुलाचे वडील असतील तर यातलं काही विचारणार नाहीत, पण ते विचारतील "कधी बघायला येऊ, मुलीच्या सरांना घेऊन येतो." दोन्ही चांगली माणसं. आणि तिसरा प्रकार म्हणजे "मॅडम जी, हारमोनियम अभी अवेलेबल है? मैं आर्मी में हूं, मेरी पोस्टिंग हो गयी है, टेम्पो भेज दूंगा." व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, कॅन्टीन कार्ड, आधार कार्ड, सगळं न मागता येतं. ती ओळखपत्रं दुसऱ्याच कुणाची तरी चोरलेली असतात. म्हणूनच मी म्हणते, आधारचा फोटो मागून काही साध्य होत नाही, चोराकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आधार कार्डं असतात, आणि आपलं तर अजिबात पाठवू नका. फोनवरच मी एक वाक्य सांगून टाकते, "वाजवून बघा, पसंत पडली तर पैसे तिथेच द्या, खात्यात दिसले की पेटी तुमची." ज्याला हे चालत नाही त्याच्याशी पुढे बोलायचंच नाही. कितीही गोड बोलला तरी.

भेटायची जागा. पोलिस चौकीसमोर किंवा मॉलच्या दारात भेटा हा सल्ला मोबाईल विकणाऱ्यांसाठी ठीक आहे, पुण्याच्या लक्ष्मी रोडच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून पेटीचा सूर लागलाय का बेसूर आहे हे कुणाला कळणार? शांत पण माणसांची जागा हवी. सोसायटीचं ऑफिस किंवा क्लबहाऊस उत्तम, तिथे वॉचमनच्या वहीत नाव आणि नंबर आपोआप लिहिला जातो. देवळाचा सभामंडप दुपारी रिकामा असतो. क्लास असेल तर क्लास. घरीच बोलवायचं झालं तर दिवसा, घरात आणखी एक मोठं माणूस हवं, आणि हॉलच्या पलीकडे कुणाला न्यायचं नाही.

आता पैसे. सगळा लेख खरं तर या भागासाठी लिहिलाय.

पहिलं, टोकन घेऊ नका. "टोकन घेतलं की गिऱ्हाईक पक्कं होतं" असं सगळे सांगतात, मला हे अजिबात पटत नाही. टोकन म्हणजे माणूस बघायच्या आधी पैशाची देवाणघेवाण सुरू करणं, आणि फसवणुकीचे सगळे प्रकार नेमके याच दारातून आत येतात. "तुम्ही आधी हा क्यूआर स्कॅन करून १ रुपया टाका, दुप्पट परत येतील" असं म्हणून खरोखर दोन रुपये पाठवतात, विश्वास बसला की पुढचा क्यूआर १५,००० चा येतो आणि तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅन करावं लागत नाही, काहीही दाबावं लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला, किंवा आपला बॅलन्स बघायला. पूर्वी हे लोक "कलेक्ट रिक्वेस्ट", म्हणजे पैसे मागणारी विनंती, पाठवायचे, ती दोन व्यक्तींमधली सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, पण क्यूआरचा खेळ चालूच आहे. स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगितलं तर फोन तिथेच ठेवून द्या. आणि प्रामाणिक माणसाचं टोकन घेतलं तरी वांधे होतातच, तो येतो, एक सूर बसलेला निघतो, त्याला पैसे परत हवे असतात आणि उगाच तोंडाला तोंड लागतं.

दुसरं, समोरासमोर पैसे घेताना. हा टप्पा मलाही सुरुवातीला फार जड गेला, कारण समोरचा माणूस चांगलं बोलतोय, त्याची मुलगी पेटीवरून हात फिरवत बसलीय, आणि आपण त्याच्यासमोर आपल्या बँकेचं ॲप उघडून बसायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं. तो संकोच सोडा. त्याच्या फोनवरची हिरवी टिकमार्क ही पावती नाही, हुबेहूब तशी स्क्रीन दाखवणारी खोटी ॲप्स आहेत. त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट ही पावती नाही. एसएमएससुद्धा नाही, बँकेसारखा मजकूर कुणीही साध्या नंबरवरून पाठवू शकतो. आपण आपल्या बँकेचं ॲप उघडायचं, खात्याच्या नोंदीत रक्कम बघायची, तोपर्यंत पेटी आपल्या बाजूला. बॅगेत घालून चेन लावायची ती नोंद दिसल्यावरच, कारण एकदा ती त्याच्या गाडीवर गेली की "सर्व्हर डाऊन आहे ताई, तासाभरात येतील" हे ऐकावं लागतं. "पेंडिंग" दाखवलं तर थांबा, चहा घ्या. त्याच्या खात्यातून कापले गेले आणि आपल्याकडे आले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप त्याला परत गेले पाहिजेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्याचं नुकसान होत नाही, तेव्हा दया दाखवून वाद्य देऊन टाकायची काही गरज नाही. हे सगळं फोनवर आधीच सांगितलेलं असलं की समोरच्याला रागही येत नाही. आणखी एक आधीच विचारायचं, फोन नवीन घेतलाय का, कारण नव्या फोनवर यूपीआय चालू केलं की पहिले २४ तास ५,००० च्या वर जात नाहीत, आणि मग माणूस खरा असूनही हडपसरहून येऊन हात हलवत परत जातो.

तिसरं, आणि हे कुणीच सांगत नाही. पैसे समोर उभ्या असलेल्या माणसाच्याच खात्यातून घ्या. "माझा मित्र पाठवतोय", "ऑफिसच्या अकाउंटवरून टाकतो" म्हटलं की नम्रपणे नाही म्हणा. दुसऱ्या कुणाला तरी फसवून काढलेले पैसे तुमच्या खात्यात आले, तर त्या बिचाऱ्याने तक्रार केल्यावर पोलिस पैशाचा माग काढत तुमच्यापर्यंत येतात आणि तुमची ती रक्कम, कधी कधी अख्खं खातं गोठवलं जातं. पेटी गेलेली असते, पैसे अडकलेले असतात, आणि आपण निर्दोष आहोत हे दुसऱ्या राज्यातल्या सायबर सेलला पत्रं लिहून पटवत बसावं लागतं. माझ्या ओळखीतल्या एका घराला हे भोगावं लागलंय, पगाराचं खातं होतं ते. यूपीआयवर पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, ते नाव विचारून जुळवा. तसंच "चुकून १०,००० जास्त गेले, या दुसऱ्या नंबरवर परत करा" म्हटलं तर आधी खात्यात खरंच आलेत का बघा, आणि आले असतील तरी दुसऱ्या नंबरवर काहीही पाठवायचं नाही, आपल्या बँकेला कळवायचं.

रोख घ्यायला मला आवडतं, खास करून गावाकडची मंडळं रोखच आणतात. ५०० ची नोट तिरकी केली की मधला धागा हिरव्याचा निळा दिसतो, प्रत्येक नोट अशी बघा, घाई करू नका. रक्कम मोठी असेल तर दोघं मिळून बँकेच्या कॅश डिपॉझिट मशीनवर जा, मशीनने घेतल्या की विषय संपला. २ लाख किंवा त्याच्यावर रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, पण तेवढ्याचं वाद्य आपल्यापैकी फार थोड्यांकडे असतं.

व्यवहार झाल्यावर साध्या कागदावर लिहा, तारीख, वाद्य, कंपनी, सिरीयल नंबर असेल तर तो, किंमत, "वाजवून बघून, आहे त्या स्थितीत घेतले", दोघांची नावं आणि सह्या. कागदाचा फोटो दोघांकडे. उद्या चोरीच्या मालाची चौकशी निघाली तर हाच कागद कामी येतो.

लांबचं गिऱ्हाईक, कुरियरने पाठवा म्हणणारं, मी घेतच नाही. तानपुऱ्याचा भोपळा कुरियरमध्ये टिकत नाही, आणि फुटला की दोष पाठवणाऱ्यावर. खरंच हवं असेल तर त्यांचं कुणीतरी इथे येऊन वाजवून घेऊन जाईल. मिरजेच्या त्या तानपुऱ्याला नाशिकची बाई होती, तिने पुण्यातल्या भाचीला पाठवलं, भाचीने फोन स्पीकरवर ठेवून चारही तारा छेडून दाखवल्या, आत्याने तिकडून मान्य केलं, आणि भाचीने स्वतःच्याच खात्यातून पैसे टाकून तानपुरा नेला.

इतकं करूनही कुणी गंडवलंच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा आणि आपल्या बँकेलाही, मग सरकारी सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त. चॅट, नंबर, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक काही डिलीट करू नका. आणि वाद्य नीट विकलं गेलं असेल तर जाहिरात त्याच दिवशी काढून टाका, नाहीतर महिनाभर "अवेलेबल है?" चालू राहतं.