टिकटिक बंद केली आणि व्हॉल्व्ह जाळला

आयटीआयची दोन वर्षं संपवून सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा माझी समजूत होती की इंजिनाचा आवाज ओळखणं ही कानाची देणगी असते. आमचे उस्ताद तसंच भासवायचे. बॉनेटवर हात ठेवायचे, ‘टॅपेट आहे’ (म्हणजे व्हॉल्व्ह, सिलिंडरची झडप, दाबून उघडणारा भाग वाजतोय) म्हणायचे आणि चहाला जायचे. कशावरून, असं विचारलं की डाफरायचे. असे उस्ताद तुम्हालाही भेटतील. त्यांच्याकडून पाना धरायला जरूर शिका, पण ‘टॅपेट आहे’ हे त्यांच्या शब्दावर घेऊ नका.

डिसेंबरात मोहोळकडचे एक मामा जुनी पेट्रोल गाडी घेऊन आले. सकाळी चालू केली की टिकटिक. मी कव्हर उघडलं. दोन टॅपेट खरंच ढिले होते, ते आवळले. आवाज कमी झाला, पण थोडा राहिलाच. मग फिलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पात्यांचं हत्यार, बाजूला ठेवला आणि नुसत्या कानावर आणखी आवळत गेलो. आवळायचं, चालू करायचं, ऐकायचं. एवढ्यात इंजिन चांगलं तापलं आणि टिकटिक बंद! मामा खूश, मी त्याहून खूश. चारच दिवसांनी सकाळी मामा दारात, ‘काय बे, परत वाजायलंय की!’ मी परत आवळले.

फेब्रुवारीत गाडी मिसिंग करत, म्हणजे एक सिलिंडर सोडून धक्के खात आली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, बघितलं तर तिसऱ्या सिलिंडरला जवळजवळ नाहीच. हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड उंदराने भाकरी कुरतडावी तशी गेलेली. आणि मॅनिफोल्डचा, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा, हेडला आवळणारा एक स्टड तुटलेला, शेजारी हेडवर काजळीचा काळा पट्टा. राहिलेली टिकटिक तिथली होती. इंजिन थंड असताना हेड आणि मॅनिफोल्डमधली फट उघडी, तापलं की लोखंड फुगून फट बंद. माझ्या आवळण्याने आवाज थांबलाच नव्हता.

हे दोनदा वाचा, कारण मी पैसे भरून शिकलोय. तापल्यावर व्हॉल्व्ह लांब होतो, म्हणून टॅपेटला गॅप ठेवतात; एक्झॉस्ट जास्त तापतो, म्हणून बहुतेक गाड्यांत त्याची गॅप जास्त. गॅप खाल्ली की तापलेला व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बसायच्या कड्यावर, पूर्ण बसत नाही. व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता देतो तो सीटला टेकलेला असतानाच. टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठे? वर फटीतून जळता गॅस निसटतो आणि कड जळते. ढिलं टॅपेट नुसतं ओरडतं, घट्ट टॅपेट मुकाट्याने व्हॉल्व्ह खातं. कंपनीने गॅप थंड इंजिनावर सांगितली असेल तर इंजिन थंड होईपर्यंत थांबा. मे महिन्यात सोलापुरात दुपारी दोनला पत्र्याखाली ते कधी थंड होणार, ते मला विचारू नका. गाडी रात्रभर ठेवून घ्या.

आता टिकटिक ऐकली की मी आधी मॅनिफोल्डवर टॉर्च मारून काजळी बघतो. मग हातभर रबरी पाइप घेतो, एक टोक कानाला आणि दुसरं गॅस्केटच्या कडेने फिरवतो. गळतीपाशी फुस्-फुस् थेट कानात येते. हे थंड इंजिन चालू केल्याबरोबर करायचं, शेड बंद असेल तर गाडी बाहेर काढून. बाही वर करा, पंख्यापासून लांब राहा. पंखा विजेचा असेल तर तो तुम्हाला विचारून चालू होत नाही.

बाकीचे आवाज मला इतके छळत नाहीत. चीं-चीं किंवा घरघर असेल तर अल्टरनेटर फिरवणारा बाहेरचा बेल्ट उतरवून अर्धा मिनिट इंजिन चालवायचं. आवाज गेला तर अल्टरनेटर, आयडलर, टेन्शनर यांच्या पुल्या हाताने फिरवून बघायच्या. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर अर्ध्या मिनिटाच्या वर जायचं नाही. टॅपेट हलवणारा कॅम इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, क्रँकच्या, निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या मानाने संथ वाटते. हा फरक पहिले सहा महिने मला कळत नव्हता. तुम्हालाही कळणार नाही, घाबरू नका.

खालून जड ठकठक येत असेल आणि रेस दिल्यावर वाढत असेल तर गाडी तिथल्या तिथे बंद करा. आधी ऑइल बघा. मग थोडाच वेळ चालू करून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढा, म्हणजे त्या सिलिंडरचं इंधन बंद होतं. प्लगची वायर उपटू नका, कॉइल जाऊ शकते. ज्या सिलिंडरला ठकठक दबते, त्याचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग बहुधा गेलेलं असतं. ‘घरापर्यंत नेतो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला चावी देऊ नका, भांडण झालं तरी चालेल. आणि जाड ऑइल ओतून आवाज दाबणाऱ्यांना मी मिस्त्री म्हणत नाही.

मामांच्या हेडचं काम मी माझ्या पगारातून तीन हप्त्यांत फेडलं. स्टड नवा, गॅस्केट नवं, टॅपेट गेजने बरोबर लावलेले. पुढच्या संक्रांतीला ते सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आले, तेव्हा गाडी दाखवायला थांबले. अगदी हलकी टिकटिक होती, असायला हवी तेवढीच. मी गेज काढून दाखवला, गॅप का लागते ते सगळं समजावलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, बॉनेट लावलं आणि म्हणाले, ‘मागच्या टायमाला तर पूर्ण बंद केला होतास की बे.’