कारखान्याचं केमिकलवालं पाणी नाल्यात येतंय? तक्रार कशी करायची आणि नमुन्यात मार कसा खायचा नाही

नाल्याला फेस आला की लोक आधी व्हिडिओ काढतात, मग ग्रुपवर टाकतात, मग शंभर सह्यांचं निवेदन देतात ज्यात "नागरिकांच्या आरोग्यास धोका निर्माण झाला आहे" एवढं एकच वाक्य असतं. मीही दिलीत अशी निवेदनं, चहा पाजून सह्या गोळा करून. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एमआयडीसी आहे, त्यामुळे हा उद्योग आता अंगवळणी पडलाय, आणि "आवाज उठवा, बदल घडेल" छाप सल्ले वाचले की डोकं फिरतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. कायदा कारखान्याला "घाण पाणी काढूच नको" असं म्हणत नाही, किती, कसलं आणि कुठे सोडायचं ते ठरवून देतो. जल कायदा १९७४ चा, हवा कायदा १९८१ चा, भोपाळनंतर आला तो पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. यांच्या खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रत्येक कारखान्याला कन्सेंट, म्हणजे अटींसह संमतीपत्र, देतं, उभारायचं वेगळं आणि चालवायचं वेगळं. त्या कन्सेंटमधल्या अटी हाच त्या कारखान्यापुरता कायदा. म्हणून "प्रदूषण होतंय" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, कोणती अट मोडली ते दाखवायचं.

तर आधी कन्सेंटची कॉपी मिळवा. मंडळाच्या वेबसाइटवर बऱ्याचदा सापडते. नाही सापडली तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, आपल्याकडे तसा नियम आहे, पानभर कैफियत लिहू नका. जल कायद्याच्या कलम २५ मध्ये अटींचं रजिस्टर बाधित माणसाला बघायला मिळालं पाहिजे अशीही तरतूद आहे, ती अर्जात टाका.

कन्सेंट हातात आलं की सगळं वाचत बसू नका. मुदत कधी संपते, काय माल किती टन काढायला परवानगी आहे, पाणी रोज किती आणि जातं कुठे, एवढं बघा. हे "कुठे" फार कामाचं. सगळं पाणी सीईटीपीला, म्हणजे अनेक कारखान्यांच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला, पाठवायचं किंवा बाहेर थेंबही सोडायचा नाही असं लिहिलेलं असेल आणि तरी पाइप नाल्यात उघडत असेल, तर तो पाइपच उल्लंघन आहे, सीओडी, म्हणजे पाण्यातल्या रासायनिक घाणीचं माप, किती निघाला हा नंतरचा प्रश्न. लोक हे सोडून पाण्याच्या रंगावर भांडत बसतात.

मग वही. साधी शाळेची वही चालते. "मंगळवार, रात्री १.४०, पुलाखालचा सिमेंटचा पाइप, जांभळट पाणी, सडक्या अंड्याचा वास, अर्धा तास चालू" अशी नोंद, सोबत लोकेशन चालू ठेवून फोटो. पंधरा-वीस दिवस नेटाने लिहिलं की पॅटर्न दिसतो. आमच्याकडे शनिवारी रात्री आणि पहिल्या पावसाच्या सरीबरोबर सोडायचे. एकटे जाऊ नका आणि बंद गटारात, चेंबरमध्ये अजिबात डोकं घालू नका, सडक्या अंड्याचा वास देणारा तो गॅस माणूस मारतो, आणि जास्त झाला की त्याचा वासच यायचा बंद होतो.

आता नमुना. इथे मी सपशेल आपटलोय, म्हणून नीट वाचा.

पहिल्या वेळी मी शहाणपणा केला. पाण्याची रिकामी बाटली घेतली, रात्री नाल्यातून भरली, दुसऱ्या दिवशी दुपारी प्रायव्हेट लॅबला नेऊन दिली, खिशातून पैसे भरले. सीओडी मर्यादेच्या कितीतरी पट. मी खूश. सुनावणीत समोरच्या वकिलाने तीनच प्रश्न विचारले, बाटली कुणी भरली, सील कुणी केली, आमचा माणूस तिथे होता का. संपलं. रिपोर्ट बाजूला. वर ती बाटली उन्हात गाडीच्या डिकीत पडून होती हे मीच भोळेपणाने सांगून बसलो.

झालं असं की जल कायद्याच्या कलम २१ मध्ये नमुना घ्यायची पद्धत ठरवून दिलीय आणि ती पाळली नाही तर तो रिपोर्ट कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा, कारखान्याच्या माणसाला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यासमोर दोन भाग करायचे, दोन्ही सील, दोघांच्या सह्या. तो मुद्दाम गायब झाला तरी काम अडत नाही, अधिकारी एकटा सील करून सही करून पाठवू शकतो. हे तुम्हाला माहीत असू द्या, कारण "मॅनेजर नाहीत, उद्या या" हे गेटवर हमखास ऐकायला मिळतं.

म्हणून तुमचं काम बाटली भरायचं नाही, अधिकाऱ्याला बरोबर वेळी बरोबर जागी आणायचं. तक्रारीत वहीतला पॅटर्न टाका आणि स्पष्ट मागा की पाहणी रात्री अमुक ते अमुक वेळेत करावी. "रात्री येता येत नाही" असं कुणी म्हणालं तर जल कायद्याचं कलम २३ दाखवा, त्यात कोणत्याही वेळी आत जायचा अधिकार आहे. दिवसा अकराला पाहणी झाली की पाणी हमखास गंगेसारखं असतं.

नमुना एका जागचा पुरत नाही. ईटीपीत (कारखान्याच्या स्वतःच्या सांडपाणी प्रक्रिया प्लांटमध्ये) येणारं, ईटीपीतून बाहेर पडणारं, आणि नाल्यात पाइपच्या वरच्या आणि खालच्या अंगाचं, असं चारही ठिकाणचं मागा. वरच्या अंगाचं नसेल तर "हे गावाचं सांडपाणी आहे" म्हणायला ते मोकळे. आणि ईटीपीचा वीज मीटर बघायला लावा. कन्सेंटमध्ये वेगळा मीटर बसवायची अट असते, आणि प्लांट खरंच चालतो की नुसता रंगवून ठेवलाय हे त्या रीडिंगवरून जितकं कळतं तितकं पाण्यावरून कळत नाही.

तुम्ही हजर असाल तर पंचनाम्यात नाव, वेळ आणि बाटलीवरचा कोड टिपा. बाटल्या बर्फात जातायत ना ते बघा. ऑइल-ग्रीसची बाटली काचेची हवी, प्लास्टिकला तेल चिकटतं आणि आकडा कमी येतो. तुमची स्वतःची पीएच पट्टी फक्त तुमच्या समाधानासाठी, पण ठेवा, अधिकाऱ्याला कधी बोलवायचं ते कळतं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मागू नका, बीओडीची, म्हणजे पाण्यातल्या कुजणाऱ्या घाणीच्या मापाची, टेस्टच २७ डिग्रीला ३ दिवस चालते. आठवड्या-दोन आठवड्यांनी माहिती अधिकारात जेव्हीएस रिपोर्ट मागा, मंडळाने घेतलेल्या नमुन्याच्या रिपोर्टला सगळे तसंच म्हणतात. आकडे कन्सेंटशी ताडून बघा. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा पीएच ५.५ ते ९, बीओडी ३०, सीओडी २५० मिलिग्रॅम लिटरला, पण कन्सेंटमध्ये कडक आकडा असेल तर तोच धरायचा.

मर्यादा मोडली असेल तर तक्रारीत जल कायद्याच्या कलम ३३अ चं नाव घेऊन कारवाई मागा. त्याखाली मंडळ कारखाना बंद करायला, वीज-पाणी तोडायला सांगू शकतं. सहसा आधी कारणे दाखवा नोटीस निघते, कारखान्याने मंडळाकडे ठेवलेली बँक गॅरंटी जप्त होते, बंदीपर्यंत गाडी क्वचित जाते. प्रत्येक पत्राला आवक क्रमांक घ्या, तोंडी आश्वासनावर घरी येऊ नका.

काहीच हललं नाही तर पुण्याचं हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांचं कोर्ट, आपलं आणि गोव्याचं तिथेच जातं. नुकसानभरपाई मागत नसाल तर फी १००० रुपये, वकील न लावताही जाता येतं. मुदत मात्र सहा महिने, उशिराचं सबळ कारण असेल तर वर ६० दिवस, आणि ती मोजतात वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून. भरपाईच्या अर्जाला पाच वर्षं आहेत. एकाने तीन वर्षांच्या नोंदींची वही अभिमानाने जोडली होती आणि समोरच्याने त्यातलं पहिलंच पान वाचून दाखवलं, तेव्हा निवेदनांच्या नादात चार महिने घालवण्याआधी वहीच्या पहिल्या पानावरची तारीख एकदा बघून घ्या.