उत्तरपत्रिकेत ऐतिहासिक साधनाची विश्वसनीयता कशी ठरवावी

‘हे साधन प्राथमिक आहे, म्हणून विश्वसनीय आहे’ किंवा ‘लेखक पक्षपाती आहे, म्हणून साधन अविश्वसनीय आहे’ ही वाक्ये कोणत्याही साधनाला चिकटवता येतात, त्यामुळे समोरचा उतारा वाचल्याची खूण त्यांत दिसत नाही. कोणतेही साधन सरसकट विश्वसनीय नसते. त्याचे मोल विचारलेल्या प्रश्नावर ठरते. म्हणून आधी प्रश्न नीट वाचावा आणि मगच उताऱ्याकडे वळावे.

अशोकाचा तेरावा शिलालेख पाहा. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख देशोधडीला लागली, असे सांगून राजा त्यात पश्चात्ताप व्यक्त करतो. आकडे ठोकळ आहेत आणि ते पडताळण्यासाठी कलिंगच्या बाजूचे समकालीन साधन उपलब्ध नाही. त्यामुळे जीवितहानी नेमकी किती झाली, या प्रश्नासाठी लेख बेताचाच उपयोगी आहे. राजाला स्वतःची कोणती प्रतिमा प्रजेपुढे ठेवायची होती, असा प्रश्न असेल तर मात्र हाच लेख अव्वल ठरतो. शिवाय खुद्द कलिंगातील धौली आणि जौगड येथे तो कोरलेलाच नाही. त्याऐवजी तेथे वेगळे लेख आहेत. हेतू आणि श्रोतृवर्ग यांविषयीचा ढोबळ परिच्छेद लिहिण्यापेक्षा एवढी एक नोंद अधिक वजनदार ठरते.

दोन साधनांतील आकडे जुळत नसतील तर त्यांची सरासरी काढू नये. जालियनवाला बागेतील मृतांचा सरकारी आकडा ३७९ होता, तर काँग्रेसच्या चौकशीत तो सुमारे हजार मानला गेला. दोन्ही बाजूंचा हितसंबंध उघड आहे. तेव्हा माहिती कोणी, कशी आणि घटनेनंतर किती काळाने गोळा केली, याची तुलना करावी. गोळीबार न करताही जमाव कदाचित पांगवता आला असता, असे गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या डायरने सरकारी चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे मान्य केले. स्वतःच्या विरोधात जाणारे विधान सहसा अधिक भरवशाचे मानतात, पण येथे थोडे थांबावे: डायरला आपली कृती कर्तव्यच वाटत होती, त्यामुळे हे बोलताना आपण कबुली देत आहोत असे त्याला वाटत असेलच असे नाही.

लिहिताना उताऱ्यातील दोन-तीन शब्द उद्धृत करावेत, त्यावरचा निर्णय सांगावा आणि ‘या मुद्द्यापुरते’ अशी त्याची मर्यादाही त्याच वाक्यात नोंदवावी. वेळ अपुरा पडला, तर लेखकाचे चरित्र सर्वांत आधी गाळावे.