पीसीत दोन-तीन हार्ड डिस्क जोडायच्या कशा, आणि एखादी दिसेनाशी झाली तर काय करायचं

जागा संपली की आपण दुसरी हार्ड डिस्क लावतो, मग कधीतरी एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) येते, आणि एक दिवस पीसी चालू करावा तर एक ड्राइव्ह गायब. अशा वेळी बरेच जण घाबरून थेट फॉरमॅटच्या मागे लागतात, ते कृपया करू नका. एका वेळी एकच डिस्क जोडा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे नेमकं कुठे अडलंय ते आपोआप सापडतं.

आधी पीसी शटडाऊन करून पॉवर केबल काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवा, आणि मग प्रत्येक डिस्कच्या लेबलचा फोटो घ्या, सीरियल नंबर नीट वाचता येईल असा. दोन डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच साइजच्या असल्या की कुठली कुठली हे फक्त त्या नंबरावरूनच कळतं. विंडोज जे डिस्क ०, डिस्क १ असं दाखवतं त्यावर विसंबू नका, पोर्ट बदलला की ते नंबरही बदलू शकतात आणि भलतीच डिस्क पुसली जाते.

साटा डिस्कला (म्हणजे हल्लीच्या नेहमीच्या जोडणीच्या डिस्कला) दोन वायरी लागतात, ७ पिनची डेटा केबल मदरबोर्डकडून आणि १५ पिनची पॉवर एसएमपीएसकडून, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याकडून. जुन्या आयडीई डिस्कला मास्टर-स्लेव्हचे जंपर लावायला लागायचे, ती कटकट आता नाही. पण एक गोष्ट जीव तोडून सांगतो, वायरी काढता-लावता येणारा मॉड्युलर एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची वायर त्याला कधीच लावू नका, खाच बरोबर बसते पण आतलं वायरिंग वेगळं असू शकतं, आणि १२ व्होल्ट भलत्या पिनवर गेले की डिस्क जळते.

आता बायॉसमध्ये जा, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये. तिथे डिस्कचं नाव दिसत नसेल तर विंडोजमध्ये कितीही डोकं फोडलं तरी उपयोग नाही, प्रॉब्लेम वायर, पोर्ट, पॉवर नाहीतर डिस्कचाच आहे. आधी डेटा केबल बदलून बघा, मग पोर्ट, मग पॉवरची वायर. अजून एक, बऱ्याच मदरबोर्डवर एम डॉट टू स्लॉटमध्ये (मदरबोर्डवरच्या चपट्या खाचेत) एसएसडी बसवली की एखाददोन साटा पोर्ट बंद पडतात, कुठले ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि माणूस बिचारा चांगली डिस्क खराब समजून बसतो. बायॉसमधला एएचसीआय किंवा रेड हा साटा डिस्क चालवायचा मोड मात्र चालू सिस्टमवर उगाच बदलू नका, विंडोज बूटच व्हायचं नाही.

विंडोज नव्याने टाकताना फक्त जिच्यावर टाकायचंय ती डिस्क जोडलेली ठेवा, बाकीच्यांच्या वायरी काढा. हे मी स्वतः भोगलंय. नव्या एसएसडीवर विंडोज टाकलं, जुनी डिस्क तशीच जोडलेली होती, काही महिने सगळं मस्त चाललं, मग ती जुनी डिस्क काढली आणि स्क्रीनवर बूट डिव्हाइस नाही असा मेसेज. झालं असं होतं की सी ड्राइव्ह एसएसडीवर होता पण १०० एमबीचं ते छोटंसं ईएफआय पार्टिशन (विंडोज सुरू करणाऱ्या फायलींचा भाग) इन्स्टॉलरने जुन्या डिस्कवरचंच वापरलं होतं. तुमचंही तसं झालंय का ते आत्ताच बघता येईल, स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि ईएफआय पार्टिशन सी ड्राइव्हच्याच ओळीत आहे ना ते तपासा.

त्याच खिडकीत नवी डिस्क इनिशियलाइज (वापरासाठी पहिल्यांदा तयार) करायला विचारते, तिथे पार्टिशनची नोंद ठेवायच्या दोन पद्धतींपैकी जीपीटी निवडा, कारण साध्या डिस्कवर जुनी एमबीआर घेतली तर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. ४ टीबीची डिस्क ३.६३ दिसली तर फसवणूक नाही, कंपनीची आणि विंडोजची मोजायची पद्धत वेगळी आहे. पण डेटा असलेली जुनी डिस्क इनिशियलाइज करायचं विचारत असेल तर सरळ कॅन्सल करा. डिस्क ऑफलाइन दिसतेय आणि ती दुसऱ्या डिस्कची क्लोन (हुबेहूब कॉपी) आहे, तर दोघींची सही, म्हणजे डिस्कवर लिहिलेला ओळख क्रमांक, सारखी असल्यामुळे विंडोजने तिला बाजूला ठेवलेली असते. आणि पार्टिशन हेल्दी आहे पण धिस पीसीमध्ये दिसत नाही, तर बहुतेक वेळा फक्त ड्राइव्ह लेटर द्यायचं राहिलेलं असतं.

डिस्क मधेच गायब होते, पुन्हा येते, अशी तक्रार असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम टाकून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघा. ०५ आणि सी५ या (डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या) ओळींचे रॉ आकडे वाढत असतील तर डिस्क खराब होत चाललीय, आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) नंतर, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर ते तासन्‌तास चालवलं तर उरलासुरला डेटाही जातो. टक-टक आवाज येत असेल तर कॉपीच्याही भानगडीत न पडता पीसी बंद करा, डेटा महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडेच न्या. सी७ (डेटा ये-जा करतानाच्या चुका) वाढत असेल तर मात्र बहुतेक वेळा डेटा केबलचा दोष असतो, केबल बदला. बदलल्यावरही तो आकडा खाली येत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा आणि आठवड्याने तेवढाच आहे का ते बघा.